मरोद्याला उतरलेले तीन पाणचिरे

या, या, असे जवळ या. दाराशी उभं राहून गोष्ट ऐकू येत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. सतरंजी मोठी आहे. कीर्तनाला बसतो तसे गुडघ्याला गुडघा लावून बसा, टाळ थोडा वेळ मांडीवर ठेवा. आज एक अशी गोष्ट सांगतो की घरी जाताना तुमची नजर आपोआप विजेच्या तारांवर जाईल. तिच्यात तीन पाखरं आहेत, दह्याचा एक डबा आहे, आणि सत्तावीस वर्षं एकमेकांशी तोंडानं न बोलता गप्पा मारलेले दोन म्हातारे आहेत. हसू आलं तर दाबू नका. देवाला हसरा माणूस आवडतो. निदान आमच्या देवाला तरी.

तर भिलाईत, मरोद्याला, केवलराम गिऱ्हेपुंजे नावाचा एक गृहस्थ राहतो. बाप भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांधावरून उठून कारखान्यात आलेला. लेक त्याहून वर गेला, थेट छताला. खरंच छताला! केवलराम क्रेन चालवायचा. साठ फुटांवर त्याची काचेची केबिन, खाली तापून लाल झालेलं लोखंड, आणि शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या शेडमध्ये, असा कल्लोळ की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येऊ नये. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने हा माणूस घरात असा फिरला, जणू पलंगाखाली काहीतरी हरवलंय. इकडचं स्टूल तिकडं, तिकडचं इकडं. त्याची बायको सिंधुताई मोठी सोशिक बाई, पण तीही कंटाळली. एक दिवस म्हणाली, "अवो, जिंदगीभर वरून खाली पायलं. आता जरा खालून वर पाहा ना." आणि तिनं आंगणातल्या जांभळावर बसलेल्या पिवळ्याजर्द हळद्याकडं बोट दाखवलं.

झालं! त्या दिवसापासून केवलरामाला पाखरांचं वेड लागलं.

वेड कसं, तर दूर कुठं जायचं नाही. अभयारण्य नको, जीप नको, गाईड नको. आपली जुनी लुना, गळ्यात दुर्बीण, आणि घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल तेवढं रान. भिलाईत अशी वेड लागलेली सत्तर-ऐंशी माणसं आहेत आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणाला एखादं दुर्मीळ पाखरू दिसलं की त्यानं ग्रुपवर टाकायचं, आणि बाकीच्यांनी हातातला चहा तसाच ठेवून पळत सुटायचं. एकदा तर एक जण दाढीला अर्धा साबण लावलेला तळ्यावर आला होता. ग्रुपचा मुख्य म्हणजे निखिल. सिविक सेंटरजवळच्या एका बँकेत कारकून, वय अठ्ठावीस, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. पोरगा चांगला, पण नियमाचा पक्का. फोटो असेल तर नोंद, नाहीतर राम राम.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मागच्या हिवाळ्यात केवलरामानं ग्रुपवर लिहिलं होतं, आमच्या क्वार्टरमागच्या बाभळीवर शिंगवालं घुबड बसलंय, दोन दिवस हललेलं नाही. भल्या पहाटे अकरा माणसं आली. थंडीत दात वाजवत, उजेडाची वाट पाहत उभी राहिली. उजाडलं, आणि बाभळीच्या बेचक्यात अडकलेलं एक जुनं, मातकट झालेलं सेफ्टी हेल्मेट दिसलं. पट्ट्याची दोन तुटकी टोकं वर उभी होती, तीच त्याची शिंगं. त्या दिवसापासून केवलरामाचं नाव पडलं 'हेल्मेट काका'. त्यानंतर त्यानं साधा बगळा लिहिला तरी खालून कोणीतरी विचारायचं, "काका, पट्टा बांधून आहे का?"

अशात रामनवमी आली. मरोद्याच्या मंडळाचा सप्ताह बसला होता. सात दिवस कीर्तनं झाली. सिंधुताईनं एकही चुकवलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी पालखी निघायची, तलावाच्या बांधावरून फिरून यायची, मग काल्याचं कीर्तन आणि दही-लाह्यांचा प्रसाद. सिंधुताईनं आदल्या रात्रीच नवऱ्याला स्टीलचा मोठा डबा दिला होता. "सिविक सेंटरहून दही आणजा. नऊच्या आत. आन् रस्त्यात कोनतं पाखरू भेटलं तं त्याले नमस्कार करजा आन् पुढं निंगजा."

"हाव," केवलराम म्हणाला. मनापासून म्हणाला हो! पण सकाळी सहाला तो तलावावर एक चक्कर मारायला गेला, आणि तिथंच ते झालं.

चैत्रात तलावाचं पाणी मागं सरतं आणि चिखलाचं एक सपाट बेट उघडं पडतं. बेटापुढं पाण्याची एक अरुंद पट्टी राहते, आणि पट्टीच्या अलीकडं बेशरमची पुरुषभर उंच झुडपं. त्या बेटाजवळ केवलरामाला तीन पाखरं उडताना दिसली. पाठ काळी, पोट पांढरं, पंख हातभर लांब. त्यानं दुर्बीण लावली आणि श्वास घ्यायचा विसरला. चोच लाल! आणि खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब! एक पाखरू पाण्यावर इतकं खाली आलं, तोंड उघडलं, खालची चोच पाण्यात बुडवली आणि शिंप्यानं कापड कापावं तसं सर्रकन पाणी कापत गेलं. पाणचिरा! पुस्तकात पाहिलेला, मोठ्या नद्यांच्या वाळूत राहणारा, जगात थोडाच उरलेला पाणचिरा, मरोद्याच्या चिखलात!

केवलरामानं घाईघाईनं मोबाईलवर फोटो काढला. फोटोत साबुदाण्याचे तीन दाणे आले. तरीही त्यानं तो टाकला आणि खाली लिहिलं, "पाणचिरा. तीन. मरोदा तलाव. शपथ."

दोन मिनिटांत निखिलचं उत्तर. "काका, नदी सुरय है. रोज का पक्षी. फोटो?"

नदी सुरय म्हणजे लांबून जवळपास तसाच दिसणारा पक्षी, पण चोच पिवळी; भिलाईकरांना कावळ्यासारखा ओळखीचा. मग कोणीतरी हेल्मेटचं चित्र टाकलं. मग दुसऱ्यानं टाकलं. मग ओळीनं हेल्मेटच हेल्मेट, जणू शिफ्ट सुटली आणि गेटवर गर्दी झाली.

केवलराम बांधावर मटकन बसला. सत्तावीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून वीस-वीस टन नेलं. खाली उभ्या असलेल्या एकानंही कधी मान वर करून पाहिलं नाही, इतका भरवसा होता. आणि आज ह्या पोरांना त्याच्या डोळ्यांचा भरवसा नाही! रागाच्या भरात त्यानं लिहून टाकलं, "आज बारा वाजेपर्यंत चोच दाखवतो. नाही दाखवली तर ग्रुप सोडला, दुर्बीण सोडली, पाखरू हा विषय सोडला."

लिहून गेल्यावर त्यानं ते पुन्हा वाचलं. पाखरू सोडायचं, म्हणजे पुन्हा ते स्टूल इकडून तिकडं. तो धडपडत उठला, लुनाला किक मारली, आणि दह्याच्या डब्यासकट निघाला सिविक सेंटरला.

निखिल बँकेसमोरच्या टपरीवर पोहे खात होता. कॅमेरा खांद्यालाच, कारण हे लोक आंघोळीला जातानाही कॅमेरा दाराला टांगतात. केवलराम समोर जाऊन उभा राहिला. एका हातात डबा, त्यात एव्हाना चार किलो दही.

"चाल," तो म्हणाला.

"काका, दस बजे बँक है मेरी."

"आता आठ वाजले. दाहा वाजेपर्यंत तुह्या नियमाले चोच दाखवतो."

निखिलनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. पोरगा मनाचा वाईट नव्हता हे मी आधीच सांगितलं. पोह्याची प्लेट ठेवली आणि म्हणाला, "चलो. पण काका, टर्न निघाला ना, तर मला बोलू नका. इंग्लिश में टर्न, मराठी में सुरय, चोच दोनों में पिवळीच."

पण केवलरामाचं डोकं आता क्रेनवाल्याचं डोकं झालं होतं. त्याला दिसलं की बेशरममध्ये शिरलं की आपल्याला काहीच दिसणार नाही. पाखरं कुठं सरकली, किती जवळ आलो, कळणार नाही. उंचावर एक माणूस हवा, ज्याला सगळं दिसतं, आणि ज्याच्या हातावर डोळे मिटून चालता येईल. असा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

"पयले वैशाली नगर," तो म्हणाला आणि लुना वळवली.

चंपत गजभिये. शॉपमध्ये खाली उभं राहून लोखंडाला साखळ्या लावायचा आणि हातांनी खुणा करायचा, त्या खुणांवर केवलरामाची क्रेन चालायची. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतर. तळहातानं ढकलल्यासारखं केलं की त्या बाजूला सरक. चिमटी दाखवली की इंच-इंच. आणि दोन्ही हात वर केले की थांब, जागच्या जागी, श्वासासकट. या शेवटच्या खुणेचा एक कायदा होता. बाकीच्या खुणा फक्त चंपतच्या पाळायच्या. पण 'थांब' कोणीही देवो, चहावाला देवो, झाडूवाला देवो, क्रेन थांबलीच पाहिजे. आधी थांबायचं, का ते मग विचारायचं. सत्तावीस वर्षं हे दोघं असे बोलले. रिटायर झाल्यावर एकमेकांच्या घरी गेले की तोंडानं काय बोलावं ते सुचेना. तासभर चहा पीत बसायचे आणि आनंदात घरी जायचे.

वैशाली नगरात विहारासमोर चौदा एप्रिलची तयारी चालली होती. चंपत शिडीच्या टोकाला उभा राहून निळ्या पताका बांधत होता. खाली मोठे स्पीकर लावून पाहणं चाललेलं, त्यामुळं हाक मारून उपयोग नव्हता. केवलरामानं रस्त्यातूनच हात पुढं केला, बोट खाली केलं, गोल फिरवलं. चंपतनं पाहिलं आणि पायऱ्या उतरायला लागला. खाली जमिनीवर पाय टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काही विचारलंच नाही.

"काय झालं बे? कोनाचं काई?"

"तीन पाखरं हायेत."

"मेले?"

"जिते हायेत. म्हनून तं आलो."

"मंग मले कायले उतरवलं? मले कोंबडा आन् कावळा, दोनच पाखरं ओळखू येतेत."

"ओळखू नोको. फक्त कुठं हायेत ते सांग. लाल चोच, खालचा जबडा वरच्याहून लांब."

चंपतनं विचार केला. "आपला तो शिफ्ट इन्चार्ज होता तसा?"

"हाव. पर हे काम करते."

चंपत हसला, हातातल्या पताका एका पोरीला दिल्या, आणि लुनावर मागं बसला. दह्याचा डबा मांडीवर. पुढं दोन म्हातारे आणि चार किलो दही, मागून मोटारसायकलवर निखिल, असं ते प्रकरण मरोद्याकडं निघालं. प्रत्येक स्पीडब्रेकरला चंपत डब्याचं झाकण छातीशी धरायचा आणि ओरडायचा, "इंच-इंच, केवल, इंच-इंच!"

बांधावर पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. निखिलनं कॅमेरा लावला. पाखरं तिथंच होती, बेटाच्या टोकाला बसलेली. पण ऊन समोरून येत होतं आणि पाणी ताटासारखं चमकत होतं. तीन काळेपांढरे ठिपके, बस्स. चोचीचा रंग काही दिसेना.

"टर्न है काका," निखिल म्हणाला. आवाजात थोडी दया होती, आणि केवलरामाला तीच जास्त लागली.

"अंदर जाऊ," तो म्हणाला. "चंपत, तू वर. आता मी खाली."

हे वाक्य बोलून दोघंही एक क्षण एकमेकांकडं पाहत राहिले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा जागा बदलली होती. मग चंपतनं दह्याचा डबा पळसाच्या सावलीत ठेवला, पँट जरा वर ओढली, आणि बांधाच्या सगळ्यात उंच दगडावर जाऊन उभा राहिला.

बेशरमच्या आत शिरल्यावर जग संपलं. वर पान, बाजूला पान, पायाखाली चिखल. निखिलचा एक बूट तिसऱ्याच पावलाला चिखलानं ठेवून घेतला. मागं वळून पाहिलं की पानांच्या फटीतून फक्त बांधावरचा चंपत दिसायचा. तळहात डावीकडं, हे डावीकडं. बोट खाली, हे वाकले. चिमटी, हे पाऊल पाऊल.

"काका," निखिल कुजबुजला, "मुझे लगता है उजवीकडून आवाज आला."

"त्यानं डावीकडं सांगतलं."

"पण काका, माझे कान..."

"तुहे कान बँकेत ठेव. त्याचा हात पाहा."

पाणचिऱ्यांचीही गंमत पाहा. ती दोनदा उठून जागा बदलून बसली, आणि दोन्ही वेळा चंपतचा हात त्यांच्या आधी वळला. ज्याला कोंबडा आणि कावळ्यापलीकडं पाखरू माहीत नाही, तो माणूस उन्हात डोळ्यांवर आडवा हात धरून तीन ठिपक्यांवरून नजर ढळू देत नव्हता. त्याच्यासाठी ते पाखरू नव्हतंच. ते वीस टनांचं लोखंड होतं, आणि त्याच्या खाली केवलराम होता.

अर्ध्या तासात दोघं झुडपांच्या कडेला पोचले. आता मध्ये फक्त पाण्याची अरुंद पट्टी आणि तिच्या पलीकडं बेट. पानांआडून काळ्या पाठी दिसत होत्या, चोची पलीकडं वळलेल्या. दोन पावलं उघड्यावर टाकली की काम झालं. केवलरामानं मागं पाहिलं. चंपतच्या दोन्ही हातांच्या चिमट्या: इंच-इंच, चल, चल!

आणि नेमकी त्याच वेळी बांधावर पालखी आली.

मृदंगाचा आवाज आधी आला, मग टाळांचा, मग वळणावरून भगवी पताका. चंपतच्या मागं बघता बघता चाळीस बायामाणसं उभी राहिली. सिंधुताई पुढंच होती. नामाचा गजर शिगेला पोचला, आणि आपल्याकडं शिगेला पोचला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चाळीसच्या चाळीस जणांनी दोन्ही हात वर केले!

केवलराम थिजला. एक पाय हवेत, एक चिखलात. एक हात फांदीसारखा आडवा, आणि त्या हातात निखिलची कॉलर.

"काका, चलो ना! दो कदम!"

"'थांब' देल्ला."

"किसने?"

"चाळीस लोकायनं."

बांधावर चंपत जीव तोडून चिमट्या दाखवत होता, उड्या मारत होता, चल म्हणत होता. पण कायदा तो कायदा. एकानं 'चल' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'थांब' म्हटलं, तर 'थांब' खरा. इथं तर चाळीस 'थांब' होते, आणि ते टाळ वाजवून देत होते. केवलराम खांब झाला. त्यानं कॉलर धरलेला निखिल दुसरा खांब झाला.

मृदंगाला पाखरं दचकली आणि उठली. गेली, असं निखिलला वाटलं. पण त्यांनी बेटावरून एक गिरकी घेतली, आणि जिथं काहीच हलत नव्हतं अशी एक जागा त्यांना दिसली: दोन खांबांपुढची ती पाण्याची पट्टी. तिन्ही पाणचिरे वळले, एका ओळीत आले, तोंडं उघडली, आणि दोघांच्या पुढून, अगदी पंधरा पावलांवरून, खालची चोच पाण्यात घालून सर्र, सर्र, सर्र करत पाणी चिरत गेले. पाण्यावर तीन रेघा उमटल्या. मग पट्टी जिथं बांधाच्या पायथ्याला टेकते तिथं वळून पालखीच्या डोळ्यांपुढून परत, पुन्हा तीन रेघा! लाल चोच अशी, की कुंकवात बुडवून काढली असावी. गजर बंद पडला. मृदंगवाल्याचा हात वरच राहिला. आणि केवलराम एका पायावर उभा राहून लहान पोरासारखा हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहत.

तीन फेऱ्या मारून पाखरं पलीकडच्या काठाला जाऊन बसली.

"पायलं?" केवलरामानं विचारलं आणि आता कुठं दुसरा पाय खाली ठेवला.

निखिलचं तोंड उघडंच होतं. "काका... स्किमर. पाणचिराच, काका!" त्यानं केवलरामाला मिठी मारली, तोल गेला, दोघंही चिखलात बसले. "लाल! काका, लाल चोच! खालची लांब!"

"मले माहीत हाय. फोटो दाखव."

निखिलनं गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं पाहिलं, जणू तो कोणीतरी आत्ताच आणून टांगलाय. "काका," तो हळूच म्हणाला, "बटन दाबायचं राहिलं."

दोघंही असे हसले की चंपतला वाटलं यांना काही चावलं.

बांधावर वर आले तेव्हा चंपत तापलेलाच होता. "मी 'चाल' म्हनून राहिलो, मी 'चाल' म्हनून राहिलो, तू खांब कावून झाला?"

"चाळीस जनायनं दोन्ही हात वर केले ना!"

"ते देवाले केले बे! तुले नाई!"

हे ऐकून सिंधुताईनं कपाळाला हात लावला. मग तिला डबा आठवला. "आन् दही?" चंपतनं सावलीतून डबा आणून तिच्या हातात दिला. झाकण उघडून पाहिलं तर लुनाच्या धक्क्यांनी दह्याचं निम्मं ताक झालं होतं आणि वर लोण्याचा गोळा तरंगत होता. "बाई, बाई!" सिंधुताई म्हणाली. "काल्याले लोणी आपोआप आलं!" बायका हसल्या, आणि कोणी रागावलं नाही.

इकडं निखिलनं चिखलाच्या बोटांनी ग्रुपवर लिहिलं, "कन्फर्म. पाणचिरा. तीन. मैंने खुद देखा. फोटो नहीं."

दोन मिनिटांत उत्तर. "निखिल भाई, नदी सुरय होगा." आणि खाली एक हेल्मेट.

निखिलचा चेहरा असा झाला की केवलरामालाच त्याची दया आली. "असंच वाटते," तो म्हणाला. "आता समजलं?"

"समजलं काका. सॉरी."

सिंधुताई हे सगळं पाहत होती. ती जवळ आली. "माह्यासंगं बोलू द्या त्यायले," ती म्हणाली. निखिलनं बटण दाबून मोबाईल तिच्या तोंडापुढं धरला, आणि सात दिवस कीर्तन ऐकून आलेली ती बाई सुरात बोलली: "ऐका हो मंडळी! मी सिंधुबाई बोलून राहिली. रामाच्या पालखीत उभी राहून बोलतो, तवा खोटं बोलनार नाई. काळा कोट, पांढरी बंडी, पाय लाल, चोच लाल, आन् खालची चोच वरच्याहून दोन बोटं लांब. पान्यावर अशी चालली, जशी नव्या कपड्यावर कातर!" तिचं संपलं नाही तोच शेजारची चंपा पुढं झाली, मग राधाबाई, मग मृदंगवाला. प्रत्येकाला बोलायचं होतं. मृदंगवाल्यानं तर बोलून झाल्यावर ते पाणी चिरणं वाजवूनही दाखवलं. ग्रुपवर एकामागून एक चोवीस आवाज गेले, सगळ्यांत एकच चोच, एकच लाल रंग.

ग्रुपनं चोवीसही आवाज शेवटपर्यंत ऐकले. मग एकानं लिहिलं, "लोकेशन?"

आणि मग जी धावपळ झाली! सिविक सेंटरकडून ऑटो आले, कारखान्याकडून मोटारसायकली आल्या, एक जण नाइट शिफ्ट करून झोपलेला तो बनियनवर आला. रेल्वेत नोकरीला असलेली मोनाली ड्युटीवर निघाली होती, ती वाटेतून वळली. तोवर ऊन डोक्यावर चढून पाण्याची चमक गेली होती. सगळ्यांना फोटो मिळाला. मोनालीचा सगळ्यांत चांगला, चोच पाण्यात आणि पाण्याची रेघ मागं सुटलेली. घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती. निखिल बँकेत उशिरा गेला, एका बुटानं गेला.

त्या संध्याकाळी ग्रुपच्या पक्षी-यादीत नोंद करायला निखिल मरोद्याला आला. "काका, पहिल्यांदा कोणी पाहिला, तिथं एक नाव लिहायचं. तुमचं लिहितो."

केवलरामाचा चेहरा उजळला, मग तो थांबला. "चंपतचं लिही."

"काका, त्यांना तर पक्षी ओळखूच येत नाही. चोचही त्यांना शेवटी दिसली."

"आमच्या शॉपमंदी माल मी उचलला तरी लोक म्हनत, चंपतनं उचलला. कावून की वरच्याले खालचं दिसत नाई. त्याच्या हाताबिना मी आंधळा."

"जागा एकाच नावाची आहे काका."

केवलरामानं तिथंच चंपतला फोन लावला. पलीकडून स्पीकरचा गोंगाट, आणि चंपतचं ओरडणं: "मले नोको बे! मी तं तीन कोंबडे पायले! पताका बांधून राहिलो, ठेव!"

म्हणून नोंदीत आज केवलराम गिऱ्हेपुंजे, मरोदा, एवढंच लिहिलेलं आहे. हेल्मेट काका हे नाव पुसलं गेलं, आणि केवलराम रोज सकाळी ताठ मानेनं लुना काढतो. पण त्या नोंदीबद्दल त्याला कोणी शाबास म्हटलं, की त्याची बोटं आपोआप चिमटी करतात.

तेव्हा एवढी एक विनंती आहे. पाणचिरे दुसऱ्या दिवशी उडून गेले. पुन्हा येतील, न येतील. तुम्हाला कधी घराजवळ काही सुंदर दिसलं, आणि ते दाखवण्यासाठी कोणीतरी तुमच्यामागं उन्हात उभं राहिलं असेल, तर त्याच्याकडं वळून पाहा. आणि आज घरी जाऊन देवापुढं बसलात, की वैशाली नगरच्या चंपत गजभियेची एकदा आठवण करा. त्याला देव लागत नाही, पण त्याला आपली आठवण चालेल.